कात्री बोथट कमी होते, चिकट जास्त होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी काढणीनंतरच्या कामांवर अख्खं पान आलं होतं, वाळवण, साठवण, ओलावा, सगळं होतं, फक्त छाटणीच्या हत्याराबद्दल एकच ओळ, "धारदार कात्री वापरावी". बास! आता जो माणूस कापून आणलेल्या झाडांचा पाला नि देठ काढत दिवसाचे पाच-सहा तास बसतो त्याला विचारा, त्याचं निम्मं काम ती कात्रीच ठरवते. म्हणून लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे सगळीकडे एकच कात्री चालवायची नाही. जाड देठाला सिकेटर, म्हणजे एका हाताने चालवायची फांद्या छाटायची दणकट कात्री, आणि त्यातही दोन जाती आहेत. एकात दोन पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून जातात, त्याला बायपास म्हणतात, ओल्या हिरव्या देठाला तोच घ्यायचा कारण काप स्वच्छ येतो. दुसऱ्यात एकच पातं खालच्या सपाट पट्टीवर आपटतं, तो अ‍ॅन्व्हिल, वाळलेल्या काटक्यांना झकास, पण हिरवा देठ त्यात चेंगरतो आणि चेंगरलेली जागा आधी काळी पडते मग सडते. बारीक पानं, फुलांमधला पाला यासाठी मात्र लहान टोकदार स्प्रिंगची कात्री, पाती एक-दीड इंचाची पुरेत. टोक किंचित वाकडं असलं तर दाटीत शिरायला बरं पडतं. स्प्रिंग मऊ हवी. दुकानात दोनदा दाबून सगळ्याच चांगल्या वाटतात, पन्नास वेळा दाबून बघा, दुकानदार बघत राहिला तर राहू दे, दिवसभरात हजारदा दाबताना दुखणारा अंगठा आपला असतो.

स्टेनलेस की कार्बन स्टील यावर लोक फार भांडतात. स्टेनलेसमध्ये साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं म्हणून गंज सहसा धरत नाही, कार्बन स्टीलला घरी दगडावर झटपट छान धार लागते पण रात्रभर ओलं राहिलं की सकाळी तांबडं. माझं विचाराल तर रोज पुसायचा आळस असणाऱ्याने स्टेनलेसच घ्यावी. (मी आळशी आहे, माझ्याकडे स्टेनलेस आहे.)

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र. कात्री अडायला लागली की लोक म्हणतात धार गेली आणि सरळ धार लावायला देतात. अहो धार गेलेली नसतेच, पात्यावर चीक बसलेला असतो! तासाभराच्या कामात पात्याच्या आतल्या बाजूला तपकिरी थर जमतो, नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो, त्याने पाती एकमेकांपासून केसभर लांब जातात, मग देठ कापला न जाता मध्ये दुमडतो. मी स्वतः ही चूक केलीये. कात्री धारवाल्याकडे दिली, त्याने मशीनवर दोन्ही बाजूंनी घासली, पात्याची आतली सपाट बाजूसुद्धा, आणि परत आली तेव्हा चकाचक दिसत होती पण दोन पात्यांमधून उजेड दिसायचा. कागदसुद्धा कापेना. चांगली कात्री गेली ती गेलीच.

तर आधी साफ करा, धारेचं नंतर बघू. यातही झाडावर अवलंबून आहे. राळेसारखा चीक पाण्यात विरघळत नाही, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, फडक्यावर घेऊन पुसायचं, जवळ काडी-विडी पेटवायची नाही. उलट डिंकासारखा चीक अल्कोहोलने हलत नाही, त्याला कोमट पाणी. काही कळत नसेल तर आधी पाणी, मग कोरडं पुसून अल्कोहोल. अल्कोहोल हाताशी नसेल तर खायचं तेल चोळून पाच मिनिटं ठेवलं तरी राळ सुटते. रोगट झाड कापलं असेल तर पुढच्याला हात लावण्याआधी अल्कोहोलने पुसलंच पाहिजे. काहीजण ब्लीचच्या पाण्यात बुडवतात, जंतू मरतात हे खरं पण धातू खातं, तसं केलंत तर लगेच धुऊन, कोरडी करून तेल लावा. आणि गॅसवर पातं तापवून चीक जाळायचा उद्योग प्लीज कोणी करू नका, पोलाद निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला, मग कितीही घासा, धार टिकत नाही.

साफ करूनही अडते? मग स्क्रू बघा. स्प्रिंग नसलेली कात्री असेल तर एक पातं धरून दुसरं पूर्ण उघडून सोडायचं, निम्म्यात येऊन थांबलं तर बरोबर, खटकन मिटलं तर ढिला, हललंच नाही तर जास्त आवळलाय. एवढं करूनही देठ दुमडतो तेव्हाच धार. फक्त बाहेरच्या उताराच्या बाजूने, उतार जसा आहे तसाच धरून, बारीक कणांच्या धारेच्या दगडावर एकाच दिशेने आठ-दहा हात. धारेवर बारीक तार उठते, बोटाला खरखर लागते, ती काढायला आतली बाजू दगडावर सपाट ठेवून एकदाच हलकी ओढायची. एकदाच! मग सांध्यात तेलाचा एक थेंब, आणि कातडी म्यानात ओली खुपसू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

अजून एक राहिलं, डावखुऱ्यांचं. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याच्या दाबाने पाती जवळ यायच्या ऐवजी फाकतात, त्यामुळे बिचाऱ्यांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. उलट्या पात्यांची डावखुरी कात्री मिळते, माझ्याबरोबर छाटणीला बसणाऱ्या बाईंना हे बरीच वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं. आता त्यांची कात्री मी चुकून उचलली की मला एक देठ धड कापता येत नाही आणि त्या हसत बसतात.

आपला,
एक नियमित वाचक