पत्र्याचं छप्पर आणि एचओएचा कागद

प्लेनो, टेक्सास

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गारांनी छपरावरचे शिंगल्स (कौलांसारखे तुकडे) फोडलेच आहेत, तर आता स्टँडिंग सीमचा, म्हणजे उभ्या शिवणींचा पत्रा घालावा हा तुझा विचार पटला. पण एचओएशी (वसाहतीच्या घरमालक असोसिएशनशी) भांडायला निघण्याआधी बंदी नेमकी कुठल्या कागदात आहे ते बघ. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

काउंटी क्लर्ककडे नोंदलेलं डिक्लरेशन (घरांवरच्या बंधनांचा मूळ दस्तऐवज) वेगळं आणि आर्किटेक्चरल गाइडलाइन्स (घराच्या दिसण्याचे नियम) वेगळ्या. पुष्कळदा डिक्लरेशनमध्ये 'कमिटीने मंजूर केलेलं साहित्य' एवढंच असतं. '३० वर्षांचे कॉम्पोझिशन (डांबरी) शिंगल, वेदर्ड वुड रंग' हा बारकावा गाइडलाइन्समध्ये असतो. तसं असेल तर बहुधा बोर्डाच्या एका ठरावानं काम होतं, मतदान लागत नाही. फक्त बदललेल्या गाइडलाइन्ससुद्धा क्लर्ककडे नोंदवून घ्यायला सांग, नोंदीशिवाय त्या लागू होत नाहीत. शिवाय तुमची वसाहत टप्प्याटप्प्यानं बांधलेली असेल, तर प्रत्येक टप्प्याला वेगळं डिक्लरेशन किंवा पुरवणी असू शकते. तुझ्या प्लॉटला लागू होणारीच काढ, शेजारच्या गल्लीची नको.

दुसरी गोष्ट, टेक्सास प्रॉपर्टी कोडचं कलम २०२.०११, सन २०११ चं. वारा-गारा सोसणारे, नेहमीच्या शिंगल्सपेक्षा उष्णता-थंडी जास्त रोखणारे किंवा सौरवीज देणारे शिंगल्स असोसिएशनला अडवता येत नाहीत. अटी तीन: ते वसाहतीत चालणाऱ्या शिंगल्ससारखे दिसावेत, त्यांच्याहून टिकाऊ आणि निदान तेवढ्याच दर्जाचे असावेत, आणि आजूबाजूच्या घरांशी मेळ खावेत. मेख अशी, की कायदा 'शिंगल' म्हणतो. उभ्या शिवणींचा पत्रा शिंगलसारखा दिसतो हे कुठल्याही कमिटीला पटणार नाही. पण वर दगडी कण बसवलेलं, शिंगलच्या आकाराचं स्टील घेतलंस तर कव्हनंटला, म्हणजे डिक्लरेशनमधल्या अटीला, हात न लावता काम होण्यासारखं आहे. अर्जासोबत उत्पादकाचा चाचणी अहवाल, रंगाचा नमुना आणि शेजारच्या छपरांचे फोटो जोड. मला विचारशील तर हाच रस्ता घे.

स्टँडिंग सीमच हवा आणि बंदी डिक्लरेशनमध्येच असेल, तर मात्र दुरुस्ती. कलम २०९.००४१ प्रमाणे एकूण मतांच्या ६७ टक्के लागतात. डिक्लरेशनमध्ये कमी टक्केवारी असेल तर ती चालते. हे एकूण मतांचे आहेत, हजर असलेल्यांचे नव्हेत. २४० घरं आणि घरटी एक मत धरलं तर १६१ होकार हवेत, आणि जो मतच देत नाही तो नकारात जमा. दुरुस्त्या पडतात त्या बहुतेक इथेच. विरोधापेक्षा आळस जास्त नडतो. घर भाड्यानं देऊन दुसऱ्या राज्यात राहणारे मालक आधी गाठ. त्यांचे टपालाचे पत्ते काउंटीच्या कर-नोंदीत मिळतात. सभा न घेता मतपत्रिकांवर मतदान असेल, तर शेवटच्या तारखेच्या किमान २० दिवस आधी सूचना जायला हवी. सभेत असेल तर १० ते ६० दिवस आधी. काही डिक्लरेशन्समध्ये गहाण घेणाऱ्या बँकेची संमतीही मागितलेली असते, ते कलम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आता मसुदा. ब्रँड लिहू नका, रंगाचं बाजारातलं नाव तर नकोच. उत्पादक पाच वर्षांत ते बदलतो आणि कव्हनंट पुन्हा अडकतं. कामगिरी लिहा: आगीसाठी क्लास ए, गारांसाठी यूएल २२१८ या चाचणीचा क्लास ४, 'किंवा त्यानंतरचं समकक्ष मानक'. पत्रा २४ गेजचा, पीव्हीडीएफ (उन्हात टिकणारा) रंगलेप, चकाकी नसलेला, स्क्रू झाकलेले. हे शेवटचं महत्त्वाचं. उघड्या स्क्रूच्या २९ गेज पत्र्यात रबरी वॉशर उन्हानं वाळतात, पत्रा ताणून भोकं मोठी होतात आणि गळती लागते. स्टँडिंग सीमचा ३० फुटी पट्टा १०० अंश फॅरनहाइटच्या फरकाला जवळपास पाव इंच वाढतो. सरकत्या क्लिपा ती हालचाल सोसतात. सपाट पट्ट्यावर लाटा दिसतात म्हणून बारीक रेघांचा पट्टा मागा. आणि डिक्लरेशनमध्ये दुसरीकडे, समजा गॅरेजच्या कलमात, 'फक्त कॉम्पोझिशन' शिल्लक राहिलं नाही ना, तेही तपासा.

शेजारी म्हणतील, पावसाचा आवाज होईल. लाकडी डेकवर (छपराच्या फळ्यांवर) अंडरलेमेंट, म्हणजे पत्र्याखालचा थर, घालून पत्रा बसवला तर आवाज फारसा येत नाही. उघड्या वाशांवरच्या पत्र्याची गोष्ट वेगळी. गंमत म्हणजे 'पत्रा? गोठा बांधताय का?' हे आधी आपलेच लोक विचारतील. वादापेक्षा त्यांना एक फुटी नमुना हातात दे.

विम्याचं मात्र सावध सांगतो. क्लास ४ च्या चाचणीत दोन इंची पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. छप्पर चिरलं किंवा फाटलं नाही की पास; पोचा पडला तरी चालतो. म्हणूनच हप्त्यात सूट देताना कंपन्या बऱ्याचदा दिसण्यापुरत्या नुकसानीची भरपाई वगळणारी पुरवणी सहीला ठेवतात. ती सही केलीस तर पुढच्या गारपिटीत पोचे पडलेलं पण न गळणारं छप्पर तुझंच. हप्त्यातल्या सवलतीसाठी छप्पर बसवणाऱ्याकडून टेक्सास इन्शुरन्स खात्याचा पीसी०६८ फॉर्म भरून घे, काम झाल्या झाल्या. नंतर तो माणूस सापडत नाही. तुझी डिडक्टिबल (नुकसानीतला तुझ्या खिशातला वाटा) माफ करतो म्हणणारा भेटला तर दारातूनच परत पाठव; २०१९ पासून ते इथे बेकायदा आहे.

लेखी मंजुरी हातात येईपर्यंत करारावर सही नको, तोवर निळी ताडपत्री चांगली ताणून बांध. कमिटीनं नकार दिला तर तो कारणांसह लेखी माग आणि ३० दिवसांत बोर्डापुढे सुनावणीचा अर्ज कर. डिक्लरेशनचं छपरांचं पान आणि गाइडलाइन्सची प्रत फोटो काढून पाठव, मसुद्याची कलमं आपण फोनवर बसवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश