सीएसएमटीमागचं बांधकाम आधी लोकांना दाखवा

संपादक महोदय,
मुंबईच्या सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) स्टेशनच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली, नवी दिल्ली आणि अहमदाबाद धरून तीन स्टेशनांचे मिळून जवळपास १०,००० कोटी. काम व्हायलाच हवं, यात वाद नाही. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी पोराबाळांसकट सामानावर बसून राहिलेली माणसं रोज दिसतात, त्यांना धड बसायला जागा नाही. पण रुळांवरच्या रूफ प्लाझात दुकानं, फूड कोर्ट आणि आजूबाजूच्या रेल्वेच्या जागेवर कमर्शियल बिल्डिंगा म्हटलं की धास्ती वाटते, कारण ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे आणि तिचं सगळं रूप त्या घुमटामागच्या मोकळ्या आभाळात आहे. १८८८ च्या सुमारास पूर्ण झालेलं हे काम, दगडातली माकडं, मोर, पानं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी कोरलीत, कधी मान वर करून बघा. मागे काचेचा टॉवर आला तर घुमटावर उभी असलेली 'प्रगती'ची मूर्ती लांबून उठून तरी दिसेल का हो?

माझं म्हणणं एवढंच, की महापालिकेसमोरच्या चौकातून मागचं बांधकाम किती उंच दिसणार त्याचं चित्र आधी स्टेशनातच लावा, मराठीत, लोकांना बघू द्या, हरकती घेऊ द्या. आणि दुकानांच्या आधी संडास, पाणी, बाकडी यांचा आकडा सांगा.

- एक लोकल प्रवासी, डोंबिवली