केस पेपरवर ‘नाते’ काय लिहू? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस,

महोदय, स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिले, की समलिंगी रुग्णांशी भेदभाव होऊ नये आणि जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देण्याची तजवीज करावी. मेल्यानंतरची सोय निदान कागदावर तरी आली. जिवंतपणीचे काय, एवढेच विचारायचे आहे.

मी सिंधुदुर्गात जोडीदारासोबत राहते. तीही बाईच. गेल्या पावसात तिचे अपेंडिक्सचे ऑपरेशन तातडीने करायचे ठरले. ‘‘पेशंटवांगडा कोण आसा?’’ म्हणजे पेशंटसोबत कोण आहे, असे रुग्णालयात विचारले. मी पुढे झाले. नात्याच्या रकान्यात ‘मैत्रीण’ लिहिले, तर संमतीपत्रावर माझी सही चालेना. रक्ताचे कोणीतरी हवे म्हणे. तिचा भाऊ मुंबईला, आणि बोलणे केव्हाच बंद. ती स्वतः शुद्धीवर होती, सज्ञान होती, तिचीच सही पुरेशी होती. पण तिला कोणी विचारलेच नाही. शेवटी ‘मैत्रीण’ खोडून ‘मावसबहीण’ लिहिले आणि गाडी पुढे सरकली. डॉक्टर भले होते हो, रकानाच अडून बसला होता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्ण कुणाही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमू शकतो. मनाच्या आजाराला चालते ते अपेंडिक्सला का चालू नये?

बाकी, लग्न न झालेल्या बाईला गर्भाशयमुखाची तपासणी ‘कशाला?’ म्हणून टाळली जाते. पण गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्याने होतो, तो एचपीव्ही विषाणू बाईकडून बाईलाही जातो. आणि हे सांगायचे कुठे? भर रांगेत? कुडाळला बोललेले एसटीच्या आधी कणकवलीला पोचते. म्हणून आमच्यातले कितीतरी जण साध्या तपासणीलाही थेट गोव्यात बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठतात.

तेव्हा केस पेपरवर ‘रुग्णाने निवडलेली व्यक्ती’ असा रकाना घाला, आणि तसे मराठी परिपत्रक पार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जाऊ द्या. रेशनकार्डावर जोडीदाराला एकाच घरातले धरा, असेही केंद्राने २०२४ मध्येच राज्यांना कळवले आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेला सहसा तेच कार्ड दाखवावे लागते. त्यासाठी अन्न व नागरी पुरवठा खात्याशी आपण बोललात, तर तहसील कार्यालयातले आमचे हेलपाटे वाचतील.

आपली,
सिंधुदुर्गातील एक रहिवासी