आदल्या रात्री टाकी उचलायला आलेल्या दादांना

दादा,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये.

घरी टाकीत आंबवलेली बिअर बाटल्यांमध्ये भरायची आणि टाकीच्या तळाचा गाळ हलू द्यायचा नाही, एवढंच मला शिकायचं होतं. त्यावर काय काय ऐकून घेतलं! एकाने सांगितलं, मलमलच्या कापडातून गाळून घे. गाळ म्हणजे मुख्यतः यीस्ट, बिअर आंबवणारी बुरशी. तिची पेशी ५ ते १० मायक्रॉनची, ती कापडात कुठे अडकणारे? उलट गाळताना हवा मिसळते आणि काही दिवसांनी बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागतो. दुसरे एक, स्वतःला जाणकार म्हणवणारे, चारचौघांत हसले, म्हणाले घरची गढूळच असते, स्वच्छ पाहिजे तर विकतची आण. ते हसणं अजून टोचतं मला. येत नसेल तर येत नाही म्हणा ना, शिकणाऱ्याचा पाणउतारा कशाला करायचा.

तुम्ही फक्त विचारलंत, "टाकी आत्ता कुठे आहे?" म्हटलं, खाली जमिनीवर. "मग भरायच्या दिवशी टेबलावर कशी जाणार?"

हे कोणी विचारलंच नव्हतं. नळीने बिअर काढायची तर टाकी उंचावर आणि बाटल्या खाली लागतात, म्हणजे ती भरलेली वीस लिटरची टाकी उचलावी लागणारच, आणि ऐनवेळी उचलली की इतके दिवस शांत बसलेला गाळ सगळा वर येतो, मग पुढे कितीही जपून भरा, उपयोग नाही.

आणि तुम्ही आदल्या रात्री आलात. नुसती टाकी उचलायला. कामावरून थेट आला होतात, चहालासुद्धा थांबला नाहीत. मी कडीला हात घातला तर म्हणालात, कडीला नको, तळाखालून धरा, कडीने उचललं की प्लॅस्टिक वाकतं आणि एअरलॉकमधलं (म्हणजे झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडून हवा आत न येऊ देणाऱ्या नळीतलं) पाणी आत ओढलं जातं. मग तुम्ही उलटे चालत गेलात, एकेक पाऊल, नजर सगळा वेळ त्या पांढुरक्या प्लॅस्टिकमधून दिसणाऱ्या गाळाच्या रेषेवर. टेबलावर ठेवताना तुमची बोटं टाकीखाली आली होती, ती तुम्ही एकेक करून काढून घेतलीत, धक्का बसू नये म्हणून. आणि म्हणालात, "आता रात्रभर हिला कोणी हात लावायचा नाही," आणि गेलात.

दुसऱ्या दिवशीचं सगळं नीटच झालं, ते इथे सविस्तर सांगत नाही. शेवटी गाळाच्या वर दोन बोटं बिअर उरली तेव्हा तुम्ही नळी चिमटीत धरून बंद केलीत, ती सोडून द्यायची म्हणालात, तेही लक्षात राहिलंय. पण मला आठवते ती आदली रात्रच. बाटल्या भरताना हौसेने येणारे पुष्कळ असतात, चाखायला तर त्याहून जास्त. ज्यात बघण्यासारखं काही नाही, ज्याचा फोटोही निघत नाही, अशा कामासाठी वेळ काढून येणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं, आणि शिकवताना तुमचा आवाज एकदाही चढला नाही. अशी माणसं आजूबाजूला असली ना की काहीही नवीन शिकायची भीती वाटत नाही.

बिअर मस्त झालीये दादा. बाटल्या भरताना लिटरला ६-७ ग्रॅम साखर घातली होती, दोन आठवड्यांत गॅस छान धरला, फेस टिकतो. बाटलीच्या तळाशी पातळ थर आहे तो असणारच, त्या उरलेल्या यीस्टनेच तर गॅस तयार केला. पण ग्लासमध्ये ओतली की पलीकडची बोटं दिसतात. त्या हसणाऱ्यांना मुद्दाम बोलावून दाखवावी असं आधी वाटलं होतं, आता नाही वाटत. पहिली तुम्हीच प्यायची.

तुमच्या वाट्याच्या बाटल्या बाजूला उभ्या करून ठेवल्यात. नेताना उभ्याच राहतील असा खोका पण शोधून ठेवलाय. रविवारी जमेल का? मी घरीच आहे, आणि या वेळी चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.