विषबाधेच्या रुग्णाला घरी नेण्याची घाई नको

महोदय,

कपाशीवर फवारण्यांचा जोर वाढला की चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा या भागांत विषबाधेचे रुग्णही दिसू लागतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चा मुख्यतः मास्क आणि हातमोज्यांची झाली. ती योग्यच होती. मात्र विष अंगात भिनल्यानंतरचे चार-पाच दिवस कसे असतात, हे रुग्णाच्या घरच्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही.

मज्जातंतूंचा संदेश स्नायूंपर्यंत आणि ग्रंथींपर्यंत पोहोचवणारे अ‍ॅसिटिलकोलीन काम संपताच मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके नेमके तेच निकामी करतात. मग लाळ, घाम, उलट्या, जुलाब सुरू होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि छातीत स्राव साचून श्वास कोंडतो. त्यासाठी विष पोटातच जावे लागते असे नाही. पाठीवरच्या पंपातून झिरपलेले द्रावण घामेजलेल्या कातडीतूनही आत जाते. म्हणून कपडे तत्काळ उतरवून अंग साबणाने धुवावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण द्रावणातील तेलकट घटक फुप्फुसांत उतरू शकतात. डबा किंवा बाटली लेबलासह दवाखान्यात न्यावी. पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटातील कीटकनाशकांवरचे उपचार वेगळे असतात, तर पॅराक्वॅट या तणनाशकावर उताराच नाही आणि त्यात गरज नसताना दिलेला ऑक्सिजनही फुप्फुसांना अपाय करतो.

ऑर्गनोफॉस्फेटवरील मुख्य औषध अ‍ॅट्रोपिन. छातीतील घरघर थांबेपर्यंत ते दर काही मिनिटांनी दुप्पट करत द्यावे लागते, त्यामुळे लहान रुग्णालयातील साठा एका गंभीर रुग्णातच संपू शकतो. त्याने तोंड कोरडे पडते, नाडी वेगाने चालते आणि मात्रा जास्त झाल्यास रुग्ण बरळतो. अशा वेळी नातेवाइकांनी घाबरून औषध बंद करायला लावू नये. मात्रा कमी-अधिक करणे डॉक्टरांच्या हाती असते. सोबत दिल्या जाणाऱ्या प्रॅलिडॉक्सिमच्या उपयुक्ततेबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण द्यायचे तर ते लवकर द्यावे लागते.

खरा घात त्यानंतर होतो. दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून बसतो, बोलतो, चहा मागतो. मजुरी बुडत असते, गुरे घरी असतात, आणि डॉक्टर नको म्हणत असतानाही सही करून त्याला घरी नेले जाते. वास्तविक विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांच्या काळात काही रुग्णांच्या मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडतात. उशीवरून मान उचलता न येणे ही त्याची आधीची खूण. यावर अ‍ॅट्रोपिनचा उपयोग होत नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय हाताशी असली तर असे बहुतेक रुग्ण काही दिवसांनी स्वतः श्वास घेऊ लागतात, आणि तीच सोय दूरच्या पाड्यावर नसते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या आरोग्य यंत्रणांनी फवारणीच्या हंगामापुरता तरी ग्रामीण रुग्णालयांत अ‍ॅट्रोपिनचा वाढीव साठा ठेवावा, आणि अशा रुग्णासोबत थांबणाऱ्या नातेवाइकाच्या जेवणाची व निवाऱ्याची व्यवस्था करावी. त्याच्या बुडालेल्या रोजाचाही विचार व्हावा, कारण रुग्ण लवकर घरी जाण्यामागे अज्ञानाइतकीच ही अडचण असते.

– एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, चोपडा (जि. जळगाव)