स्मरणचित्राच्या पेपरात स्मरणच उरले नाही

महोदय,

शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही श्रेणींत स्मरणचित्राचा स्वतंत्र पेपर असतो आणि पाहिलेले आठवून कागदावर उतरवावे, एवढीच त्यात अपेक्षा असते. नाशिकमध्ये अनेक वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर मला आज दिसते ते असे, की मुले मोबाइलवर आलेली तयार चित्रे घोटून घोटून पाठ करतात. बाजार म्हटला की तीच टोपलीवाली, जत्रा म्हटली की तोच पाळणा. हे पाठांतर आहे आणि त्याला गुण मिळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या आठ मुलांना मी गोदाघाटावर नेले. ज्याच्या अंगावर नाशिककर पुराचे पाणी मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीचे चौघांनी फोटो काढले आणि घरी जाऊन त्यावरून चित्रे केली. उरलेल्या चौघांचे मोबाइल मी पिशवीत ठेवले, त्यांना दहा मिनिटे नुसते पाहू दिले आणि मग मारुतीकडे पाठ करून काढायला बसवले. फोटोवरच्या चित्रांत प्रमाण चोख होते, मागच्या ताराही होत्या, पण नजर कुठेच ठरत नव्हती. पाठमोऱ्या बसलेल्या एका मुलीने मारुती आहे त्याहून बराच मोठा काढला, तारा गाळल्या आणि द्रोणातले दिवे विकणाऱ्या बाईचा, ज्योतीला वाऱ्यापासून आडोसा करणारा तळहात काढला. तो तळहात एकाही फोटोत सापडला नाही. काय ठेवावे आणि काय गाळावे, हा संकल्पचित्राचा, म्हणजे मनाने चित्र रचण्याचा, पहिला धडा त्या मुलीला तिच्या आठवणीनेच दिला होता.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ हे शिक्षक विद्यार्थ्यांकडून याच पद्धतीने स्मरणाचा सराव करून घेत. शिल्पकार रोदँ त्यांचेच विद्यार्थी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा संग्रहालयातील प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. मात्र एखाद्या तपशिलावर झूम करून फोटो घेतला तेव्हा ही घट दिसली नाही. बारकाईने पाहणाऱ्याच्या हातातला कॅमेरा बाधत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

कॅमेऱ्याची गरज मी नाकारत नाही. जुन्या नाशकातले वाडे एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या कोरीव खांबांची, महिरपींची मापे व छायाचित्रे आजच घेतली पाहिजेत, कारण आठवणीतल्या वाड्याचे माप चुकतेच. पण नोंद ठेवणे वेगळे आणि चित्र रचणे वेगळे, हा भेद वर्गात शिकवला जात नाही.

कला संचालनालयाला माझी विनंती आहे, की ‘बाजार’, ‘जत्रा’ असे ढोबळ विषय सोडून ‘घराजवळच्या भाजीवालीची दुपार’ यासारखे, मुलाने स्वतः पाहिल्याशिवाय काढताच येणार नाहीत, असे विषय या पेपरात द्यावेत.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक, पंचवटी, नाशिक