ती औषधं त्या बायकांची होती

महोदय,

बेल्जियममधल्या गील गावच्या गोदामात पडून असलेली 97 लाख डॉलरची गर्भनिरोधकं जाळून टाकायचं अमेरिकेच्या सरकारने ठरवलं, ही जुलै 2025 मधली बातमी आपल्याकडे आली आणि गेली. माझ्या डोक्यातून ती जात नाही. मी पांढरकवड्याच्या बाजूला एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. 1983 साली लागले, 2019 साली निवृत्त झाले. तांबी बसवणं, माला-एन गोळ्यांची पाकिटं वाटणं, शेवटच्या काळात अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन देणं हे माझं रोजचं काम. त्या गोदामात असल्याच वस्तू होत्या: तांबी, गोळ्या, दंडात कातडीखाली बसवायच्या कांड्या. बहुतेक माल आफ्रिकेतल्या गरीब देशांत जायचा होता. पैसे मोजून झाले होते. मुदत संपायला वेळ होता. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी तो विकत घ्यायला तयार होता. तरी तो जाळायला वरून 1 लाख 67 हजार डॉलर खर्चायची तयारी!

कारण काय दिलं, तर म्हणे यात गर्भपात करणारी औषधं आहेत. हे साफ चूक आहे. तांबी असो, गोळी असो की इंजेक्शन, ते दिवस राहू नयेत म्हणून असतं. राहिलेला गर्भ त्याने पडत नाही. हे आमच्या प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि मदतीचा पैसा गर्भपातासाठी वापरायला अमेरिकेच्याच कायद्याने 1973 पासून बंदी आहे. मग ती औषधं त्यांच्या गोदामात येतील कुठून?

माल वेळेवर न पोचला तर काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. अंतरा दर तीन महिन्यांनी द्यावं लागतं. तारीख चुकली तरी साधारण चार आठवडे निभतं, त्यापुढे भरवसा नाही. एका वर्षी ऐन कापूस वेचणीत साठा आलाच नाही. एक बाई मजुरी पाडून आली होती. पदरी दोन लेकरं, धाकटं अंगावर पिणारं. पहिल्या खेपेलाच ती मला म्हणाली होती, "सिस्टर, मले यंदा लेकरू नोको, पन घरी सांगू नोका." तांबी तिला सोसत नव्हती. निरोध वापरणं तिच्या हातात नव्हतं. रोज खायची गोळी एका खोलीच्या घरात सासूपासून लपवणार कुठे? तिच्यासाठी ते इंजेक्शन एवढाच मार्ग होता. "पुढच्या आठवड्यात ये" म्हटलं. ती आली, माल आला नव्हता. तिला दिवस गेले. रक्त आधीच कमी, बाळंतपणाला जिल्ह्याला न्यावं लागलं, रक्त चढवावं लागलं. वाचली. आफ्रिकेतल्या कुठल्या तरी गावात माझ्यासारखीच एखादी सिस्टर आज "पुढच्या आठवड्यात ये" म्हणत असेल.

मदत देणाऱ्या देशांबद्दल माझं मन भाबडं नाही. 1966 च्या आसपास दुष्काळात गहू पाठवताना याच अमेरिकेने आपल्याकडे कुटुंब नियोजनाचा लकडा लावला होता. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. मी लागले तेव्हाही मार्च जवळ आला की वरून एकच विचारणा, नसबंदीच्या केसेस किती झाल्या? 1989 साली छापून आलेल्या अभ्यासासाठी डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायका तपासल्या, तर 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाले. आम्ही ज्यांना गाडीत घालून ऑपरेशनला नेत होतो, त्यांची अशी तपासणी कोणी केली होती? 1994 च्या लोकसंख्येवरच्या कैरो परिषदेत बाईच्या हक्काची भाषा मान्य झाली, 1996 साली आपल्याकडची केसेसची टार्गेटं रद्द झाली. तेव्हा कुठे बाईला "तुला काय पाहिजे?" असं विचारायची आम्हाला मोकळीक मिळाली. (भार अजून तिच्यावरच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याची झालेली 0.3 टक्के.)

म्हणून मदत हवी ती बाईला विचारून, आणि न थांबणारी. अमेरिकेत 1984 पासून सत्तेतला पक्ष बदलला की, मदत घेणाऱ्या परदेशी संस्थांनी गर्भपाताचं काम करू नये, ही अट कधी लागते, कधी उठते. जानेवारी 2025 मध्ये ती पुन्हा लागली. तिथल्या निवडणुकीत आफ्रिकेतल्या बाईला मत नसतं. कॅनडाने 2019 साली स्त्रिया आणि मुलांच्या आरोग्यासाठी वर्षाला 140 कोटी कॅनेडियन डॉलरचं, त्यातले निम्मे प्रजनन आरोग्य आणि हक्कांसाठी, असं दहा वर्षांचं वचन दिलं. दहा वर्षांचं असल्यामुळे मला ते मोलाचं वाटतं. सरकार बदललं तरी त्यांनी ते पाळावं.

आणि आपण नुसतं बघत बसू नये. केंद्र सरकारची, केरळात मुख्यालय असलेली एचएलएल ही कंपनी तांबी, गोळ्या, निरोध बनवते. या भागातल्या खासदारांनी संसदेत आरोग्यमंत्र्यांना दोन प्रश्न विचारावेत. मदत बंद झालेल्या देशांना भारत आपली गर्भनिरोधकं पाठवणार का? आणि विदर्भातल्या किती उपकेंद्रांत आज अंतराचा साठा शिल्लक आहे? मिळेल ते उत्तर आपण जिल्ह्याच्या पानावर छापावं, ही विनंती.

— एक सेवानिवृत्त आरोग्यसेविका, ता. केळापूर, जि. यवतमाळ